कूलरसमोर टांगलेला पुरावा

माझ्या वकिलीत एकही खून झाला नाही. हे सांगितलं की लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या माणसाचा चेहरा पडतो. "मंग तुमी करता तरी काय वकीलसाहेब?" असं तो विचारतो, आणि मी "व्यापारी दावे" म्हणेपर्यंत त्याचं लक्ष वाढप्याच्या हातातल्या जिलबीकडे गेलेलं असतं.

त्याचंही चुकत नाही. व्यापारी दाव्यात रक्त नसतं, कोयता नसतो, पळून गेलेली बाई नसते. दोन माणसं असतात. दोघांचेही कपडे इस्त्रीचे, दोघांकडेही कागदांचे गठ्ठे, आणि दोघंही कधीकाळी एकमेकांच्या पोरांच्या लग्नात नाचलेले. मध्ये एक माल असतो. यवतमाळ जिल्ह्यात तो बहुधा कापसाच्याच गोत्रातला : रुई, सरकी, जिनिंगचं यंत्र, फवारणीचे पंप. एक म्हणतो माल चांगला होता, दुसरा म्हणतो नव्हता. एवढ्यासाठी कारखाने गहाण पडतात, भागीदार भाऊ एकमेकांच्या दारावरून जाताना गाडीच्या काचा वर करतात, आणि माझ्यासारख्याचं घर चालतं.

या धंद्यात मी नाव कमावलं असं लोक म्हणतात. कसं कमावलं ते माझा मुन्शी दादाराव सांगू शकेल, म्हणूनच त्याला मी समारंभांना नेत नाही. एका दाव्यात मी अर्धा तास टेबल आपटून एक मुद्दा मांडला. घसा बसला. न्यायाधीश शांतपणे ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "वकीलसाहेब, हा मुद्दा समोरच्या पक्षाने लेखी कबूल केलेला आहे. मी फक्त तुम्ही थांबता कधी ते बघत होतो." मी खाली बसलो, आणि मागून दादाराव कुजबुजला, "साहेब, जिंकले तं जिंकले. पाणी प्या."

पण मला सांगायची आहे ती उकंडरावांची गोष्ट. कारण आमच्या बाररूममधले तरुण वकील ती माझ्या हुशारीची गोष्ट म्हणून सांगतात, आणि ऐकताना मला आपलंच खोटं प्रमाणपत्र भिंतीवर लागल्यासारखं वाटतं.

उकंडराव राठोड हे घाटंजी तालुक्यातल्या एका बंजारा तांड्याचे. शेती होती, आणि घरचे ट्रक होते. जिनिंगमधून रुईच्या गाठी उचलायच्या आणि राज्याबाहेरच्या सूतगिरण्यांना पोचवायच्या, हा त्यांचा धंदा. ते पहिल्यांदा माझ्या ऑफिसात आले तेव्हा उन्हाळा होता. पांढरं धोतर, डोक्याला लाल पागोटं, हातात इंग्रजी दाव्याची प्रत. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"साहेब, एक पाहून सांगा. या कागदात चोर हाये का?"

"म्हणजे?"

"गॅरेजवाल्या पोरानं वाचून दाखवलं. तो म्हंते, काका, यायनं तुमाले चोर म्हटलं हाये. मी म्हटलं तुले इंग्रजी कवा येत होतं. म्हून आलो."

मी प्रत चाळली. चोर होता. चांगला ठिकठिकाणी होता. दक्षिणेकडच्या एका मोठ्या सूतगिरणीचं म्हणणं असं की उकंडरावांच्या ट्रकांनी पोचवलेल्या गाठी मोजायला बरोबर भरल्या, पण वजनाला हलक्या. एका खेपेत नाही, मागच्या वर्षीच्या सबंध उन्हाळ्यात. म्हणजे ड्रायव्हरांनी वाटेत गाठींच्या पट्ट्यांमधून रुई उपसून विकली, मालकाच्या संगनमताने. मागणी एवढी मोठी होती की सगळे ट्रक विकले असते तरी पुरलं नसतं. आणि ट्रक विकताही येत नव्हते, कारण दावा लागताच गिरणीने कोर्टाकडून तशी मनाई मिळवली होती.

"आहे," मी म्हणालो. "पण उकंडराव, शब्दाचं काय घेऊन बसलात? आधी आकडा बघा."

तेव्हा ते बसले. "आकडा ट्रक इकून भरता येईन साहेब, नाही तं वावर इकून. शब्द काय इकून भरू? आमच्या बुढ्यायनं बैलायच्या पाठीवर मीठ वाह्यलं, धान वाह्यलं. कुठून कुठं लदेणी गेली. मालक संगं नसे, कागद नसे. गोणी जशी उचलली तशी उतरवली. आता पांढरकवड्याचे जिनिंगवाले मले पाहून फोनवर बोलल्यासारखं करून राह्यले. माह्ये ट्रक गिट्टी वाहून राह्यले साहेब, गिट्टी. गिट्टीतून कोनी काय चोरत नाही, म्हून भेटते."

"मग हे झालं कसं? वजन कमी तर भरलंय."

"थे तं भरनच ना! उन्हायात रुई हलकी होते. तुमाले नाही माईत?"

मला नव्हतं माहीत. कापसाच्या जिल्ह्यात जन्म काढला, कापसाच्या दाव्यांवर घर बांधलं, पण रुई मी पाहिली ती कागदावरच. मी मान अशी हलवली की माहीत असल्यासारखी वाटावी.

बाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगतो. रुई हवेतली ओल पिते आणि हवेला परतही देते. हिवाळ्यात जिनिंगमध्ये गाठी बांधतात तेव्हा रुईत ओल असते, शिवाय तंतू तुटू नये म्हणून यंत्राजवळ पाण्याचा फवाराही असतो. तीच गाठ गोदामात पडून राहून एप्रिलमध्ये आपल्याकडच्या उन्हातून ताडपत्रीखाली प्रवास करते तेव्हा आतली ओल उडते आणि वजन घटतं. कोणी हात न लावता घटतं. पण कायदा मालवाहू माणसाशी सावत्र आईसारखा वागतो. माल कमी भरला की जबाबदार तोच. सुटायचं असेल तर घट मालाच्या स्वभावाने झाली हे त्यानेच सिद्ध करायचं. थोडक्यात, गिरणीने नुसतं बोट दाखवायचं आणि डोंगर आम्ही उचलायचा.

गिरणीतर्फे नागपूरचे मुळे वकील होते. देखणा, उंच माणूस. त्यांचा गाऊनसुद्धा माझ्या गाऊनपेक्षा काळा वाटायचा. आणि साक्षीदार होता गिरणीचा मॅनेजर, हिंदी बोलणारा, गोड स्वभावाचा. त्याने प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलं होतं की घट्ट बांधलेल्या रुईच्या वजनावर हवेचा काडीचाही परिणाम होत नाही, सबब ही घट फक्त आणि फक्त चोरीची. सगळा दावा या वाक्यावर उभा होता. ते पाडलं तर उकंडराव सुटत होते. नाही पाडलं तर शब्दही राहणार होता आणि आकडाही.

उलटतपासणीचा पहिला नियम मी ज्युनिअर पोरांना शिकवत आलो आहे : ज्याचं उत्तर आपल्याला माहीत नाही तो प्रश्न विचारायचा नाही. हा नियम मी इतका छान समजावून सांगतो की तो मलाही लागू आहे हे विसरून जातो.

मी ठरवलं, प्रश्न विचारायचेच नाहीत. दाखवायचं. जिनिंगमधून रुई मागवली. सराफाकडून सोनं तोलायचा काटा उसना आणला, त्याला "एका दागिन्याच्या प्रकरणासाठी" असं सांगून. रुईची पिशवी गाडीच्या डिकीत टाकली आणि तारखेपर्यंत विसरून गेलो. बेत साधा होता. सकाळी साक्षीदाराच्या हातून कोर्टासमोर रुई तोलायची, जेवणाच्या सुट्टीपर्यंत उन्हाळ्याच्या हवेत टांगायची, मग पुन्हा तोलायची. वजन घटलेलं दिसलं की मॅनेजरचं वाक्य गेलं.

न्यायाधीश बाई होत्या. कमी बोलणाऱ्या. मी परवानगी मागितली तेव्हा त्यांनी मुळ्यांकडे पाहिलं. मुळे हसत उभे राहिले. "माझी काहीच हरकत नाही मॅडम. फक्त ही सैल रुई आहे. गाठ दाबलेली असते. ही घट्ट बांधून घ्यावी आणि तशी नोंद व्हावी."

"बांधा," मॅडम म्हणाल्या.

मॅनेजरने स्वतः, गुडघा देऊन, सुतळीने त्या रुईचा असा करकचून मुटका बांधला की हातात घेतला तर लाकूड वाटावं. तोलला. स्टेनोने वजन टंकलं. नोंद झाली : घट्ट बांधलेली.

आता टांगायची कुठे? एप्रिलचा शेवट. यवतमाळचा एप्रिल ज्याने पाहिला नाही त्याला सांगून पटणार नाही. खिडकीबाहेर झळा, आत मॅडमच्या डायसशेजारी खिडकीएवढा कूलर भणभणत होता. पट्टेवाल्याने विचारलं, "साहेब, बाहेर गॅलरीत लावू?"

इथे मी माझ्या आयुष्यातला सर्वांत आत्मविश्वासाचा निर्णय घेतला. गॅलरीत वारा नव्हता, पान हलत नव्हतं. वारा होता तो कूलरसमोर. आणि कपडे वाऱ्यावर वाळतात, एवढं शास्त्र मला येत होतं. शिवाय तिथे टांगलं की मॅडमच्या डोळ्यांसमोर राहील, कोणी हात लावला असंही म्हणणार नाही. मी स्वतः खुर्चीवर चढलो आणि कूलरसमोरच्या खिळ्याला तो मुटका बांधला. उतरताना गाऊन खुर्चीत अडकला, त्याची नोंद कोणी घेतली नाही.

दादाराव जवळ आला. "साहेब, तिथं?"

"हवा कुठे आहे दिसत नाही का तुला?"

"दिसते ना. पन थंडी हाये."

"हवा ती हवा," मी म्हणालो आणि जेवायला गेलो. जेवण छान गेलं. आलुबोंड्याचा रस्साही मागून घेतला.

सुट्टीनंतर कोर्ट भरलं. माझ्या प्रयोगाची बातमी बाररूममध्ये फिरली होती, त्यामुळे मागचे बाक वकिलांनी भरलेले. उकंडराव कोपऱ्यात हात जोडून उभे. मी ऐटीत म्हणालो, "साक्षीदाराने पुन्हा वजन करावं."

मॅनेजरने मुटका काट्यावर ठेवला. वाकून पाहिलं. चष्मा वर करून पाहिलं. मग माझ्याकडे अशा दयेने पाहिलं की मला तेव्हाच कळायला हवं होतं.

"साब, वजन बढ़ गया है."

मागच्या बाकावरून जो आवाज आला त्याला कोर्टाच्या भाषेत खसखस म्हणतात. मी काट्याजवळ गेलो. सराफाचा काटा खोटं बोलत नव्हता. मी मुटका उचलून पुन्हा ठेवला. वजन आणखी थोडं वाढलेलं दिसलं, बहुतेक माझ्या घामाचं. उकंडरावांनी दादारावला विचारलेलं मला स्पष्ट ऐकू आलं : "मुन्शीजी, हे बरं झालं का वाईट झालं?" दादाराव म्हणाला, "आपल्या साहेबाचं काई सांगता येत नाही."

मुळे उठले. अशी संधी वकिलाला जन्मात एखाद्या वेळी मिळते आणि ते ती घास घास चावून खाणार होते. "मॅडम, नोंद व्हावी. माझे विद्वान मित्र घट दाखवणार होते. त्यांनी वाढ दाखवली. आणि ती का झाली हेही नोंदवून घ्यावं, नाहीतर उद्या ते काटा बिघडला म्हणतील. साक्षीदार सांगेल."

मॅनेजर खुशीत आला. सकाळपासून बिचारा माझ्या प्रश्नांची वाट पाहून ताटकळला होता. आता त्याला पहिल्यांदाच जे येतं ते सांगायला मिळत होतं. "मॅडम, सीधी बात है. कूलर में पानी है. हवा गीली है. रुई ने नमी खींच ली. वकीलसाब को इतना तो मालूम होना चाहिए था."

"घट्ट बांधलेली असूनही?" मॅडमनी विचारलं.

"बाँधने से क्या होता है मॅडम, रुई का तो स्वभाव ही है."

स्टेनोच्या कळा वाजत होत्या. त्या थांबल्या. मॅडम मान वर करून त्याच्याकडे पाहत होत्या.

"ओल्या हवेत वजन वाढतं. मग कोरड्या हवेत?"

आता इथे कोणी शहाणा वकील असता तर श्वास रोखून बसला असता. मी काय केलं? मी मनात उकंडरावांपुढे माफीचं भाषण जुळवत होतो. कानावर फक्त एवढंच आलं की कोणीतरी साक्षीदाराला प्रश्न विचारतंय, आणि सवयीने मी ताडकन उठलो. "ऑब्जेक्शन, मॅड..."

मागून दादारावने माझा गाऊन इतक्या जोरात ओढला की मी बसलो तो खुर्चीच्या कडेवर. "काहून उठता?" तो दातओठ खात पुटपुटला. "बाई आपलं काम करून राह्यल्या ना!"

मॅनेजरने मुळ्यांकडे पाहिलं. मुळे कागद चाळायला लागले. ज्या पानावर काहीच नव्हतं ते पान फार बारकाईने वाचत होते.

"उत्तर द्या," मॅडम म्हणाल्या. "आपण गिरणी चालवता."

माणूस खरंच गोड स्वभावाचा होता. प्रतिज्ञापत्र वकिलाने लिहिलं होतं, पण रुई त्याची होती. तो म्हणाला, "सूखी हवा में घटेगा, मॅडम."

मुळ्यांनी एक प्रयत्न केला. "मॅडम, अर्थात सैल रुई आणि गाठ यांत फरक..."

"सकाळी तुमच्याच विनंतीवरून घट्ट बांधल्याची नोंद घेतली आहे, मुळे."

ते बसले. माझ्यापेक्षा बरेच डौलात बसले.

घरी गेल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती बराच वेळ हसली आणि मग म्हणाली, "अहो, कूलर लावलेल्या खोलीत पापड उघडे ठेवले की सादळतात. इतकी वर्षं मी ओरडतेय, डबा झाका, डबा झाका. ऐकलं असतं तर आज हसं झालं नसतं." मी म्हटलं, ऐकलं असतं तर मुटका गॅलरीत टांगला असता, आणि गाडीच्या डिकीत दिवसचे दिवस भाजून निघालेल्या त्या रुईत घटायला काही उरलंच नव्हतं. वजन तेवढंच भरलं असतं, मॅनेजर तोंड मिटून घरी गेला असता आणि आम्ही हरलो असतो. ती म्हणाली, "म्हणजे दोन्हीकडून तुमचीच चूक."

हे तिने बाररूममध्ये सांगितलं नाही हे तिचे उपकार. तिथे वेगळीच कथा तयार झाली : म्हाताऱ्याने मुद्दाम कूलर निवडला, मुळ्यांना हसवलं, आणि हसता हसता साक्षीदाराचं तोंड उघडलं. मुळ्यांनीसुद्धा पुढे एकदा चहा पिताना विचारलं, "खरं सांगा, ठरवून केलं होतं ना?" हरणाऱ्याला तेवढाच आधार असतो. मी गूढ हसलो आणि बिस्कीट बुडवलं.

निकाल पावसाळ्यात लागला. दावा खारीज. ट्रकांवरची मनाई उठली. मी उकंडरावांना फोन केला, पेढे मागितले. ते आले, पेढेही आणले, पण चेहरा तसाच.

"साहेब, खारीज म्हंजे काय? सुटलो का धुतलो गेलो?"

"सुटलात. त्यांना काही मिळणार नाही."

"थे समजलं. पन चोर म्हटलेलं होतं, त्याचं काय लिवलं?"

निकाल लांबलचक होता. शेवटचं पान पाहून मी फोन केला होता, मधलं वाचलंच नव्हतं. दादारावने परिच्छेद शोधून माझ्यापुढे सरकवला. मी वाचला आणि बंद केला. "आहे," म्हणालो. "लिहिलंय."

"मंग तांड्यात येऊन वाचा. नायकानं सांगतलं हाये, सगळ्यायसमोर वाचून दाखवा. मी वाचलं तं कोन आयकते? वकिलानं वाचलं पायजे."

मी फार टाळाटाळ केली. पाऊस आहे, रस्ता खराब आहे, इंग्रजी आहे. खरं कारण सांगता येईना. पण माणूस दारातून हलेना.

शेवटी एका रविवारी गेलो. देवळापुढे सतरंजी घातलेली, अख्खा तांडा गोळा झालेला. बाया एका बाजूला, त्यांचं गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या भाषेत, काहीतरी माझ्या टाय-कोटाबद्दल चाललं होतं असा माझा संशय आहे. नायक म्हणजे तांड्याचे मुख्य, वयस्कर गृहस्थ, माझ्याशेजारी बसले. "वाचा वकीलसाहेब. जसं हाये तसं वाचा. गायू नका."

गाळायचाच विचार होता. पण ते असं म्हणाल्यावर इलाज उरला नाही. मी उभा राहिलो आणि एकेक शब्द मराठीत करत वाचू लागलो :

"प्रतिवादीच्या वकिलांनी न्यायालयात जो प्रयोग केला तो पूर्णपणे फसला. तो तसा फसणार हे कोणत्याही गृहिणीला सांगता आलं असतं..."

पुढे मी वाचलं, पण कोणाला ऐकू गेलं नाही. सतरंजी हसली. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. कोणीतरी ओरडलं, "वकीलसाहेब, हे आपल्याच बाजूच्या वकिलाचं हाये का?" नायक हसता हसता खोकायला लागले, त्यांना पाणी द्यावं लागलं. माझी सबंध कारकीर्द त्या देवळापुढे उघडी पडली होती, आणि काय सांगू, मलाही हसू आवरेना. मी कागद घडी करायला घेतला.

उकंडराव तेवढे हसत नव्हते. ते पुढे आले आणि त्यांनी माझा हात धरला.

"साहेब, पुढचं आयकू नाही आलं. परत वाचा."

मग वळून त्यांनी लोकांकडे पाहिलं. हसणं एकेका तोंडावरून उतरत गेलं, शेवटी एक म्हातारी उरली होती तिलाही शेजारणीने कोपर मारलं. मी पुन्हा सुरुवातीपासून वाचलं : फसला, गृहिणी, सगळं. या वेळी कोणाचा पदर तोंडाला गेला नाही. आणि मग पुढचं वाक्य, थोडं मोठ्याने :

"...परंतु त्या फसण्यातूनच सत्य समोर आलं. वजन हवेने घटलं. प्रतिवादी उकंडराव राठोड यांनी चोरी केली, असं म्हणायला कोणताही आधार नाही."

"अजून एकवार," उकंडराव म्हणाले. "नावापासून."